कपाटाच्या दारावरची दहा गाणी

"थांबा न मॅडम, पाय थांबला," असं म्हणून काकू एक हात वर करायच्या. मग गाणं संपेपर्यंत आपण दारातच उभं राहायचं. पिशवीचा आवाजसुद्धा करायचा नाही.

सौसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या शिवणकाम करीत. मी शाळेतली मास्तरीण, म्हणून मी त्यांची मॅडम आणि त्या माझ्या काकू. पायमशीनशेजारी खिडकीत मोबाइल ठेवलेला असे आणि त्यावर दिवसभर गाणी लागत, एक संपलं की दुसरं आपोआप. भजन, भीमगीत, लग्नातलं डीजेवालं, तिगावच्या कुण्या पोरानं घरीच रेकॉर्ड केलेलं, काहीही. काकूंची पारख साधी होती. मशीन चालत राहिली तर गाणं ठीक. पाय थांबला तर ते वर्षाच्या यादीत.

एकदा मी मोठ्या कौतुकानं एका नावाजलेल्या गायकाचा नवा अल्बम त्यांना लावून दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसा वाटला?

"लय चांगला हाय न! आठ गाणे झाले, दोन ब्लाऊज झाले. कुठं अटकलीच नाही मी."

त्या अल्बमची याहून चोख निंदा मी कुठे वाचली नाही.

उलट एखादं गाणं त्यांना लागलं, की गिऱ्हाइकाचं काही खरं नसे. माझ्या भाचीच्या हळदीचा ब्लाऊज चार दिवस बिनबाहीचा लटकला होता, कारण जामसांवलीच्या हनुमानावरचं एक भजन बाईंना सोडत नव्हतं. मी भडकले.

"शिवून राहिली न मॅडम, काहून चिडता? एक बार तुमी आयका तं खरं."

ऐकलं. मलाही आवडलं, त्यामुळे जास्तच राग आला.

यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, कापडावर खुणा करायच्या खडूनं लिहिलेली असे. दहाच ओळी. अकरावं आलं की एक पुसायचं, आणि कोणतं पुसायचं ते ठरवायला काकूंना दोन-दोन दिवस लागायचे. गंमत अशी, की तिथे एकाही गाण्याचं नाव नसे. नावं त्यांच्या लक्षातच राहत नसत. जे शिवताना पाय थांबला, ते त्या लिहीत. 'शाळेचा स्कर्ट, पट्टा.' 'नर्सबाईचा गाऊन, खिसा.' तेवढ्यावरून त्यांना चाल आठवायची.

दिवाळीचं शिवण हातावेगळं झालं की मशीनवर चादर टाकून आम्ही दोघी बसायचो. त्या एकेक ओळ वाचून चाल गुणगुणायच्या, मी ते गाणं मोबाइलवर हुडकून लावायचे. दहाच्या दहा, एका दुपारी. वर्षातली त्यांची तेवढीच सुट्टी. "चला, आता सालभर पाय माराले मोकळी," म्हणत उठायच्या आणि नव्या यादीसाठी दार पुसून ठेवायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरहून घरी आणल्यावर मी भेटायला गेले, तर डाव्या हातानं सारखं कपाट दाखवत होत्या. सुनेला वाटलं लुगडं पाहिजे. तिनं एकेक काढून दाखवलं. त्या मान हलवत राहिल्या. मग मी दार पूर्ण उघडलं आणि मला समजलं. दिवाळी होऊन गेली होती, त्यांना आपली दहा गाणी ऐकायची होती.

दहा ओळी होत्या. मी वाचत होते, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला एकही गाणं माहीत नव्हतं.

महिनाभर शाळा सुटली की मी जायचे. त्यांच्या मोबाइलमध्ये वाजून गेलेली शेकडो गाणी होती, ती एकामागून एक लावायचे. त्यांचं असेल तर त्या डोळे मिटायच्या, नसेल तर बघत राहायच्या. गुणगुणून बघायच्या, पण कोणतीही चाल असो, तोंडातून एकच सूर निघायचा, आणि तो ऐकून त्यांनाच रडू यायचं.

"राहू द्या न मॅडम, तरास होऊन राहिला त्याईले," सून म्हणायची. मी थांबले की काकू पुन्हा कपाट दाखवायच्या. इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं. पोरांना सतरा वर्षं शिकवलं, पण या बाईच्या मनातली दहा गाणी मला काढता येत नव्हती.

तीन सापडली; त्या-त्या वेळी मी ओळी वाचायचे आणि त्या गाण्याच्या ओळीला काकू डावा हात वर करायच्या. चौथ्याला डोळे मिटले तेव्हा मी आनंदानं सुनेला हाक मारली. काकूंना झोप लागली होती.

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. सात ओळी तशाच राहिल्या.

त्या सातांतली एक माझी आहे. 'मॅडमचा हिरवा ब्लाऊज, डावी बाही.' परवा मी तो काढला आणि उलटा करून शिवण बघितली. बाहीच्या मध्यावर एके ठिकाणी दोन-तीन टाके एकावर एक पडले आहेत, बोट फिरवलं की लागतात. इथे त्यांचा पाय थांबला होता. मी त्या जागी बोट ठेवून एकेक चाल आठवून पाहिली. गाणं कोणतं होतं, ते मला काही केल्या कळलं नाही.