वायर नसलेली चौकट

आबा गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे फोनवरचं काहीच धड दिसेना. शेजारच्या माणसाला म्हटलं, जरा वाचून दाखवता का. त्यानं फोन हातात घेतला, बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "हे वारले का?" त्यानं बोट ठेवलं होतं ते एका पुढाऱ्याच्या फोटोवर. हात जोडलेला भला मोठा फोटो, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आमचे आबा. नाव वाचून झाल्यावर तो बिचारा ओशाळला. माझ्या डोळ्यांतून औषधानं पाणी येतच होतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये नजर साफ झाल्यावर तो फोटो मी नीट पाहिला आणि मला शिसारी आली. ह्याच माणसाच्या स्वागतासाठी आम्ही पंधरा ऑगस्टला काय काय केलं होतं... आम्ही म्हणजे मीसुद्धा. आबांना जाऊन आता सात आठवडे झाले.

सुभेदार मारुती गोरड, वय अठ्ठ्याहत्तर. आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. मी मूळचा कोरेगावकडचा, उसाच्या पाण्यावर वाढलेला. शाळेत बदली होऊन इथं आलो तेव्हा हा उघडाबोडका माळ बघून पहिला आठवडा जेवण गोड लागलं नव्हतं. आबा तेव्हा नुकतेच सैन्यातून निवृत्त होऊन आले होते. मेंढपाळाच्या घरातला माणूस, पण नोकरी केली ती सुरुंग काढणाऱ्या पलटणीत. पोटावर पडून, हातातली सळई तिरकी धरून माती टोचत पुढं सरकायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे गावातसुद्धा चालताना त्यांची नजर खाली असायची. नवख्याला वाटायचं, म्हातारा लाजाळू आहे. लाजाळू कसले, समोरच्याची चप्पल कुठल्या बाजूनं झिजलीय हेसुद्धा सांगायचे.

एकदा मी विचारलं होतं, "आबा, भीती नाही वाटायची?"

"न वाटून? लय वाटायची. एकजन व्हता आमच्यात, त्याला वाटत न्हवती. त्याला आमी म्होरं नेतच न्हवतो." मग तंबाखू मळायला घेतली. "भीती आपल्यापाशी ठिवायची, गुरुजी. मागनं येनाऱ्याला ती दावायची न्हाई. त्यानं निस्तं आपल्या पावलावर पाऊल टाकायचं."

आमच्याकडे पंधरा ऑगस्ट हा खरा सण. सव्वीस जानेवारीला निम्मं गाव रिकामं असतं, कारण दिवाळी झाली की मेंढपाळ कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात ते पावसाच्या तोंडावर परततात. ऑगस्टात मात्र सगळे घरी. सकाळी पोरांची प्रभातफेरी, मग शाळेच्या मैदानावर झेंडा. तो गावातल्या सर्वांत वयस्कर माजी सैनिकानं फडकवायचा, असा रिवाज आहे. गेली कित्येक वर्षं तो मान आबांचा होता. राष्ट्रगीत झालं की मेंढपाळ मंडळी मैदानात उतरायची. पांढरी धोतरं, हातात रंगीत रुमाल, मध्यभागी ढोल. गजीचा नाच सुरू झाला की दुपारपर्यंत थांबायचा नाही. पोरं जिलेबीचे चिकट हात चड्डीला पुसत त्यांच्यामागे नाचायची, बायका कट्ट्यावर बसून कुणाचं पाऊल चुकलं ते मोजायच्या. मैदानाला कुंपण नव्हतं, फाटक नव्हतं, कुणी कुठूनही यावं. काठी घेऊन यावं, गाठोडं घेऊन यावं, शेळी घेऊन आलं तरी कुणी हाकलत नसे.

बऱ्याच वर्षांपूर्वी ऑगस्टच्या तोंडावर कुठल्याशा शहरात बॉम्ब फुटले. मी घाबरलो. शेकडो पोरं एका मैदानात, जबाबदारी माझी. आबांकडे जाऊन म्हटलं, यंदा झेंडा तेवढा करू, गजी नको. ते म्हणाले, "गजी हुईल. बघायचं काम माझं." पंधरा ऑगस्टला दिवस उगवायच्या आत मी मैदानावर गेलो तर आबा आधीच आलेले. हातात सळई. पाण्याच्या टाकीमागं, कट्ट्याच्या फटीत, नव्यानं उकरलेल्या मातीत, जिलेबीवाल्याच्या पिंपात, सगळीकडे त्यांची नजर फिरून आली. तासभर लागला. मग घरी जाऊन अंघोळ करून, कोट घालून, इतरांसारखेच वेळेवर आले. पुढं दर वर्षी ते हेच करायचे. माझ्याशिवाय आणि वैनींशिवाय, म्हणजे त्यांच्या बायकोशिवाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "बघायचं, पर दावायचं न्हाई," एवढंच ते म्हणायचे. म्हणजे काळजी घेऊ नये असं म्हणणारा हा माणूस मुळीच नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. कारण नंतर गावात काही शहाण्यांनी तसं पसरवलं.

गेल्या उन्हाळ्यात लांब कुठंतरी अतिरेकी हल्ला झाला. निरपराध माणसं मेली. टीव्हीवर दिवसरात्र तेच. आबा टीव्ही बंद करून ओट्यावर बसून राहायचे. मेलेल्यांविषयी बोलायचे नाहीत, पण दोन दिवस जेवले नव्हते, हे वैनींनी मला सांगितलं होतं. आणि त्याच सुमारास आमच्या उत्सव समितीला मोठा पाहुणा बोलवायची हौस आली. पाहुणा यायला तयार झाला. पण त्याच्या माणसाचा निरोप आला, साहेबांच्या जिवाला धोका आहे, बंदोबस्त पाहिजे. ह्या साहेबांच्या जिवाला माणमध्ये कुणापासून धोका असावा? दुष्काळात एक टँकर मागितला तर ज्याचा फोन लागत नाही, त्याला मारायला कोण कुठून येणार होतं? पण शेजारच्या गावात आलेल्या पुढाऱ्याभोवती दोरी बांधली होती, मग ह्यांच्याभोवतीही पाहिजे. भीती ही आता मिरवायची वस्तू झालीय. ज्याच्याभोवती जास्त दोऱ्या, तो जास्त मोठा.

समितीचा सचिव मी. मी विरोध केला नाही. का, तर स्टेजवर माझी खुर्ची होती आणि पत्रिकेत नाव होतं. निवृत्त मास्तराला एवढंसं पुरतं, हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

पंधरा ऑगस्टला मैदानाला चहूबाजूंनी दोरी. आत यायला एकच वाट, आणि त्या वाटेवर मंडपवाल्याकडून खुर्च्यांबरोबर आणलेली तपासणीची चौकट. लोखंड अंगावर असेल तर वाजते ती. समितीची पोरं छातीला 'सुरक्षा' असा बिल्ला लावून उभी. मंडपवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, चौकटीची वायर आणायची राहिली, गुरुजी. मी चहूकडे बघितलं. पाहुणे यायची वेळ झालेली. म्हटलं, "राहू दे. नुसती उभी करा. लोकांना वचक बसला म्हणजे झालं."

मग ती न वाजणारी चौकट सकाळभर उभी राहिली आणि तिच्यातून आम्ही गाव चाळलं. बायकांच्या पिशव्या उलट्या केल्या. दर वर्षी येणाऱ्या गारेगारवाल्याला त्याचं नाव विचारलं आणि नाव ऐकून परत पाठवलं. त्यानं हुज्जत घातली नाही, गाडी वळवली आणि गेला... त्याची पाठ मी पाहिली आणि स्टेजवर जाऊन फुलदाणी सरळ केली.

मेंढपाळ आले. त्यांच्या काठ्या काढून घेतल्या. एका बिल्लेवाल्यानं ढोलावर थाप मारून विचारलं, "ह्यात काय आहे? उघडून दाखवा." मेंढपाळांत वडीलधारे म्हणजे बिरा नाना. त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, "ढोल उघडत्यात व्हय रं कवा? देवाम्होरं पुजलेला ढोल हाय. फाडून दावू का तुला?" पोरगा म्हणाला, नियम आहे. ज्याची स्वतःची आजी ह्याच ढोलामागं चालत देवाच्या जत्रेला गेली असेल, तो पोरगा. हे असलं फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतं.

तेवढ्यात आबा आले. कोट, टोपी, छातीवर सगळी पदकं. बिल्लेवाल्यानं त्यांनाही चौकट दाखवली. आबा आत शिरले आणि मधोमध थांबले. पदकं छातीवर लखलखतायत आणि चौकट गप्प. त्यांनी छाती एका खांबाजवळ नेली, मग दुसऱ्या. मग सवयीनं खाली वाकून खांबाच्या बुडाशी बघितलं. मी धावत गेलो.

"गुरुजी, वायर कुठाय हिची?"

"आबा, चला ना. लोक बघतायत."

"तुमास्नी ठावं व्हतं?"

मी स्टेजकडे हात दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पलटणीतल्या त्या न भिणाऱ्या माणसाकडे जसं बघत असतील तसं, ह्याला पुढं न्यायचं नाही असं ठरवून. मग वळले आणि दोरीच्या बाहेर मेंढपाळांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. झेंडा पाहुण्यांनी फडकवला. आबांनी दोरीबाहेरूनच सलामी दिली, राष्ट्रगीत संपेपर्यंत हात हलला नाही. पाहुणे भाषण करून निघून गेले. भाषणात 'आम्ही कुणाला घाबरत नाही' हे वाक्य चार वेळा होतं. बिरा नाना ढोल उचलून आपल्या माणसांसह वस्तीकडे निघून गेले. दोरीच्या आत पोरांनी रांगेत बसून जिलेबी खाल्ली. नाचायला कुणीच नव्हतं, म्हणून दहाच्या आत मैदान मोकळं झालं.

लोक मला विचारतात, मास्तर, आजच्या काळात थोडी भीती नको का बाळगायला? बाळगा की. आबा आयुष्यभर बाळगत होते. पण सणाच्या दिवशी भीती ज्यानं सोसायची त्यानं गुपचूप सोसावी आणि बाकीच्यांना नाचू द्यावं. आम्ही उलटं केलं. सोसलं कुणीच नाही, नुसतं दाखवलं, आणि दाखवलं तेही आपल्याच गरीब माणसांना. ज्यांनी तिकडे गोळ्या झाडल्या त्यांना आमच्या गावाचं नावही ठाऊक नसेल. त्यांनी न सांगता आम्ही आमची गजी बंद केली, गारेगारवाला हाकलला आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. उत्सव शांततेत पार पडला, असं इतिवृत्तात माझ्याच हस्ताक्षरात लिहिलंय. शांततेत... तसा तर स्मशानातलाही कार्यक्रम पार पडतो.

त्यानंतर मी आबांकडे गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत तीन महिने गेले. त्यांच्या घरावरून जायचं टाळून मी ओढ्याकडच्या वाटेनं फिरायला जायचो. आणि मग साताऱ्याला तो निरोप.

दिवस घातल्यावर एका संध्याकाळी गेलो. वैनींनी ओट्यावर दोन खुर्च्या काढल्या होत्या, एक रिकामीच. मी उभाच राहिलो.

"बसा की. तुमचीच हाय ती," वैनी म्हणाल्या. "ऑगस्टापासनं रोज काढत व्हते. गुरुजी येतील, म्हनायचे. म्या म्हनलं, आवं तुमीच जावा. तर म्हनले, न्हाई, त्येंचं त्येंनी याया पायजेल. आता मला सवय लागलीया."

मी बसलो. म्हटलं, "वैनी, त्या चौकटीला वायर नव्हती. मला ठाऊक होतं."

"त्यांला ठावं व्हतं की," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्वांडनं ऐकायचं व्हतं." त्या उठून दिवा लावून आल्या. मग म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपेग? ज्यांला त्यातनं चालवलं त्यांला सांगा."

येत्या रविवारी सव्वीस जानेवारीच्या तयारीची बैठक आहे. विषयपत्रिका माझ्याकडे आली आहे. पहिलाच विषय, दोरी आणि चौकट कायमची करणे. मेंढपाळ तेव्हा गावात नसतात, त्यामुळे कुणाची हरकत येणार नाही, असं त्यात सोयीस्करपणे नमूदही केलंय. खाली सचिवाच्या सहीची जागा कोरी आहे. बैठकीत उभं राहून मला सगळं सांगायचं आहे. पण मी मला ओळखतो. समोर माणसं बसली, खुर्ची दिली, चहा आला की माझी जीभ जड होते. म्हणून आधी इथं छापायला देतोय, गावात हा पेपर घरोघरी येतो. रविवारी मी बैठकीत पोचेन तेव्हा सगळ्यांचं वाचून झालेलं असेल.