अजून अर्धा फेरा

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते माहेरच्या न्हाणीघरात. तो नळाशी कुस्ती खेळत होता आणि नळ चीत व्हायच्या बेतात होता. गळका नळ जरासा आवळायचा, एवढंच काम. त्याने तो असा आवळला, की भिंत चार बोटं आत आली, पलीकडच्या बिऱ्हाडातला आरसा तिरपा झाला आणि तिथे दाढी करत असलेल्या गृहस्थांची एक मिशी गेली. नळ गळायचा थांबला. पाणीही यायचं थांबलं. तिचे वडील मात्र बेहद्द खूश. "पोरगा एकदा धरलं की सोडत नाही," म्हणाले, आणि मुलगी देऊन मोकळे झाले.

कारखान्यात त्याला 'पक्कड' म्हणत. घरातही तोच प्रकार. त्याने लावलेलं झाकण त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला उघडत नसे, त्यामुळे तो कामावर असला की घरात चहा बिनसाखरेचा. दोन नोकऱ्यांत त्याने यंत्रांची हाडं मोडली, तेव्हा तिने थोरल्या भावाचे पाय धरले. दादा पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक. ती स्वतः तिथेच तिकीटखिडकीवर बसायची.

"तुझ्या शब्दावर घेतो," दादा म्हणाला. "काही विपरीत झालं तर मात्र मी तुम्हा दोघांनाही ओळखत नाही."

मुलांच्या स्पर्धेच्या सकाळीच पंपाची मोटर गुरगुरून गप्प झाली. पंप बंद तर तलाव बंद, असा नियम. बाहेर टॉवेल गुंडाळलेली पोरं आणि त्यांच्याहून जास्त आरडाओरडा करणारे आईबाप. ती खिडकी बंद करून पंपघरात धावली.

पक्कडने मोटरचं झाकण उघडलं होतं. वायर ज्या पट्टीवर स्क्रूने दाबून बसवतात, तिच्यातले आटे झिजून गुळगुळीत झाले होते. सैल वायर तापून काळी पडली होती. त्याने मेन स्विच पाडला, जळकं टोक कापलं, त्यावर नवीन लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवला. पट्टीचं भोक आरपार पाडून त्यात पितळी बोल्ट घातला, मागून नट लावला. तिला वाटलं, देव पावला. स्विच टाकताच मोटर सुरू झाली. बाहेर टाळ्या पडल्या. दादाने चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वा भाऊजी! जिंकलंत!" म्हणत दादा पाहुण्यांकडे गेला.

"अहो, झाकण लावा आता," ती म्हणाली.

"लावतो गं. अजून अर्धा फेरा देतो."

"चाललंय ना व्यवस्थित!"

"चालतंय आणि पक्कं आहे, यात फरक असतो." त्याने स्विच पाडला आणि नटाला पाना लावला. पट्टी बॅकेलाइटची, म्हणजे कपबशीच्या जातीची. कट्‌ असा आवाज झाला आणि तिचे दोन तुकडे बोल्टला लोंबकळू लागले. इतक्या जुन्या मोटरची पट्टी बाजारात मिळत नव्हती.

मोटर थांबलेली ऐकून दादा परत आला. "काय केलंत?"

तो तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "पट्टी आधीच तडकली होती, दादा. मी बघितली ना! यांनी नंतर तिला हातसुद्धा लावला नाही."

दादाचा चेहरा जरा निवळला. "मग त्याला कोण काय करणार?"

"आधीची तडकलेली?" पक्कड उसळला. गेली दहा वर्षं लोकांनी त्याला हसून घेतलं होतं, पण तडकलेल्या पट्टीवर काम केलं असं कुणी म्हटलं नव्हतं. "तडा मला दिसला नसता? पट्टी ठणठणीत होती! माझ्या हाताने गेली, हो. पण नट बघा, दादा. हलवून दाखवा!"

दादाने नट हलवून पाहिला नाही. तो बहिणीकडे बघत राहिला.

"तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

तिच्या शेजारी नवरा नट बोटाने ठोकत होता.

स्पर्धा दुसऱ्या तलावावर झाली. नवीन मोटर पुढच्या आठवड्यात आली. तिकीटखिडकीवर आता दादाची मेहुणी बसते.