धुरपदामावशीची गुपचूप प्रार्थना

धुरपदामावशी देवाशी बोलायला बसली की आधी दाराला कडी घालायची. मागायचं ते बंद खोलीत, गुपचूप मागावं, असं शिरूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला कधीतरी सांगितलं होतं आणि ते तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं. कंपनीतल्या पोरांना भाकऱ्या थापून देऊन ती पोट भरायची. कमी पडलं तर माणसापुढं हात पसरायचा नाही, फक्त स्वर्गातल्या बापाला सांगायचं, हा तिचा बाणा.

अडचण एवढीच की नवरा गेल्यावर बरीच वर्षं खडीमशीनवर काढल्यानं मावशीच्या कानांचे बारा वाजले होते. तिला वाटायचं, आपण कुजबुजतोय. आणि शिक्रापूरच्या त्या भाड्याच्या चाळीत पहाटे सगळ्यांना लख्ख ऐकू यायचं, "बापा, रॉकेल संपलंय बघ. आन् ज्वारी बी तळाला गेली." रात्रपाळी करून आलेली पोरं उशीत तोंड खुपसून हसायची. शेजारची मुक्ताबाई मात्र उठून रॉकेलचा कॅन मावशीच्या उंबऱ्याशी ठेवून यायची. ज्वारी पलीकडच्या हौसरावांकडून यायची, त्यांचं रान तळेगाव ढमढेऱ्याला होतं. मावशीला कुणी काही सांगायचं नाही. सांगितलं तर म्हातारी मागायचीच बंद होईल, एवढं चाळीला कळत होतं.

"असंल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, तसलं चाललंय तुमचं," मुक्ताबाई मोठ्यानं चिडवायची.

"खाटल्यावर कुठं गं? उंबऱ्यावर देतोय की!" मावशी ठसक्यात म्हणायची.

दौंडला दिलेली लेक रुपाली नव्व्याण्णव साली बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. त्यात काही कमी पडलं तर आईची मान खाली. बाज हवी, डिंक-खोबरं हवं, तूप हवं, शेगडीला कोळसा हवा. आणि नेमका तेव्हाच मावशीचा घसा बसला. असा बसला की शब्द फुटेना. ती कडी घालून बसायची, नुसते ओठ हलायचे. उंबरा रिकामाच राहिला. मावशी काही मागत नाही म्हणजे घरात सगळं असणार, अशी चाळीची समजूत. इकडं रुपाली फरशीवर निजायची आणि उठताना भिंत धरायची. बापानं नेमकं आत्ताच का तोंड फिरवलं, हे मावशीला कळेना. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच भ्याली.

एक दिवस भिंत धरून उठणारी रुपाली मुक्ताबाईच्या नजरेस पडली. ती तडक आत आली आणि मावशीच्या कानाशी ओरडली, "मावशी, पोरगी खाली निजतीया आन् तुम्ही सांगत न्हाई? पहाटं काय मागता ते ऐकूच येईना झालंय!"

रुपालीला हसू फुटलं आणि मावशीला उलगडा झाला. रॉकेल, ज्वारी, सगळाच. तिचं तोंड काळंठिक्कर पडलं. म्हणजे देणारा देव नव्हताच. आपण चाळीपुढंच हात पसरत होतो. पदर डोळ्यांना लावून ती भिंतीकडं वळून बसली.

"आता गं बया!" मुक्ताबाईनं तिला आपल्याकडं वळवलं. "मी काय लई देवमाणूस न्हाई, मावशी. सख्ख्या जावंला कवा वाटीभर साखर दिली न्हाई म्या. पर तुमचं ऐकलं की माझ्यानं घरात बसवतच न्हाई. आता मला उठवतंय कोण, ते तुम्हीच सांगा."

मावशीला बोलता येत नव्हतं. तिनं मुक्ताबाईचा हात घट्ट धरला. दिवस मावळायच्या आत बाज आली, तूप आलं, डिंक-खोबरं आलं, रात्रपाळीच्या पोरांनी कोळशाचं पोतं आणून टाकलं.

रुपालीला मुलगी झाली. पुढं मावशीचा घसा सुटला. त्या पहाटे चाळ कान टवकारून होती. मावशीनं कडी घातली, जरा थांबली, मग कडी काढून दार सताड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बापा, मला काय नको आज. मुक्तानं तिची बाज हितं दिली आन् सोता फरशीवर निजतीया. कंबर धरलीया तिची. ती कुणाला सांगायची न्हाई. तिचं तेवढं बघ."

भिंतीपलीकडं फरशीवर पडलेली मुक्ताबाई उठून बसली. तेवढ्यात हौसरावांच्या दाराची कडी वाजली आणि खाट ओढत आणल्याचा आवाज आला.