मृत्यूच्या वहीतलं कापलेलं पान

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. म्हसळ्याहून बदली होऊन रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. सकाळची हजेरी संपते न संपते तोच ऐंशीच्या घरातली एक ख्रिस्ती बाई काठी टेकत आत आली. एकटी राहणारी. नारळ-सुपारीची वाडी हाच तिचा आधार. मुंबईचा एक माणूस, तिच्या चुलत्याचा नातू म्हणून, त्या वाडीत निम्मा हिस्सा मागत होता. आणि एका एजंटाने हिश्शाला गिऱ्हाईकही आणलं होतं.

"माजा मोठा चुलता पाळण्यातच गेला, साहेब. त्याला नातू कुठनं आला?"

"काही कागद?"

"कागद न्हाय. आजी सांगायची, तेवढंच हाय."

समोरच्याकडे मात्र कागद होते. चुलत्याच्या बाप्तिस्म्याचा गावच्या चर्चमधला उतारा आणि मुंबईतला लग्नाचा दाखला. उतारा अस्सल असल्याचं फादरांनी लेखी कळवलं. बाब दिवाणी स्वरूपाची आहे, असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढणार होतो. तेवढ्यात चर्चची देखभाल करणारा माणूस आपण होऊन ठाण्यात आला.

"साहेब, तो एजंट आमच्याकडं चार-पाचदा येऊन बसला व्हता. लोकांचे पूर्वज शोधून देतो म्हणायचा. पण बाप्तिस्म्याच्या वहीत ज्यांच्या नावापुढं लग्नाची नोंद न्हाय, तेवढीच नावं उतरवून घ्यायचा."

माणसाचं पुढे लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहिण्याची चर्चची पद्धत आहे. जागा कोरी म्हणजे माणूस गाव सोडून गेला, नाहीतर लहानपणीच वारला. अशा नावाला खोटा वारस जोडणं सोपं, म्हणून एजंटाला अशीच कोरी नावं हवी होती.

मी पंचांना घेऊन चर्चमध्ये गेलो. फादरांनी मृत्यूची जुनी वही काढून दिली. नोंदी पोर्तुगीजमध्ये होत्या, म्हणून ती भाषा जाणणाऱ्या गावातल्या निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. पानांचे आकडे पाहता पाहता शिक्षिकेचं बोट थांबलं. एक पान नव्हतं. शिवणीपाशी ब्लेडने कापलेलं. वही पिवळी पडलेली, पण कापलेली कड पांढरी होती.

एजंट आणि तो मुंबईचा माणूस, दोघांनाही चौकशीला बोलावून वेगवेगळं बसवलं. नातू म्हणवणारा पंचेचाळिशीचा, कारखान्यात लेथवर काम करणारा. आजोबांचं लग्न कुठे झालं, कधी झालं, सगळं त्याने घडाघडा सांगितलं.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने उताऱ्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "साहेब, मी अनाथाश्रमात वाढलो. आडनावाशिवाय माझ्याकडे काही नव्हतं. एजंट म्हणाला, तुझी माणसं सापडली."

खोटं बोलणारा अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून असतो. हा सारखा टेबलावरच्या उताऱ्याकडे पाहत होता.

एजंट मलाच कायदा शिकवत होता. त्याचा फोन पंचनामा करून जप्त केला. पोर्तुगीज नोंदी कोणाकडून तरी वाचून घेण्यासाठी त्याने वहीच्या पानांचे फोटो काढले होते, आणि त्यात ते कापलेलं पानही होतं. पान कापलं, पण फोटो पुसायला तो विसरला होता. शिक्षिकेने नोंद वाचली. चुलत्याचं नाव, आईबापांची नावं, वय आठ महिने, दफन. लग्नाचा दाखलाही बनावट निघाला. त्याच दिवशी गुन्हा दाखल केला.

त्या माणसाला हे सांगणं माझ्याकडे आलं. नोंदीचा मराठी तर्जुमा त्याने दोनदा वाचला.

"म्हणजे हे बाळ आठ महिन्यांचंच होतं?"

"हो."

"मग माझे कोण, साहेब?"



पुढे तो सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. पोलिसांच्या भीतीने बोलतोस ना, असं आरोपीच्या वकिलाने त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, "नाही. मला आजोबा हवे होते. पण हे माझे नाहीत." एजंटाला शिक्षा झाली. वाडी म्हाताऱ्या बाईकडेच राहिली.

निकालाच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात एका कडेला उभा होता. बाई काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

"जेवलास काय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग चल घरी. कालवण हाय."

दोघं एस.टी. स्टँडकडे चालत गेली.

तक्रारीवरून त्याचं नाव आरोपींत घालायला मला एक ओळ पुरली असती. कोणालाही आरोपी करण्याआधी, हा माणूस नेमकं काय शोधत होता, हे विचारायची सवय मला या प्रकरणाने लावली. निवृत्त होईपर्यंत ती मी मोडली नाही.