सुभद्राबाईंची अक्का

सिरसाळ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी ज्या घरी खोली घेतली, तिथल्या दोघी मालकिणी एकमेकींशी बोलत नसत. "सर, अक्काला सांगा, गोळी राहिली घ्यायची," असं धाकट्या सुभद्राबाई मला म्हणायच्या, आणि अक्का त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेल्या असायच्या. मी निरोप सांगायचो. अक्का मुकाट्यानं गोळी घ्यायच्या.

दोघी सवती. अक्कांना मूल होईना म्हणून नवऱ्यानं सुभद्राबाईंना करून आणलं; त्यांनाही झालं नाही. पहिली काही वर्षं भांडणात गेली, मग अबोला पडला. नवरा वारल्यावर सुभद्राबाईंचा भाऊ त्यांना न्यायला आला. त्यांनी पिशवी भरलीही होती. पण अक्कांची नजर तेव्हा जात चालली होती. "तिला चुलीचा अंदाज येत न्हाई, भाजून घेईल," एवढं सांगून त्यांनी भावाला परत पाठवलं. पुढे कित्येक वर्षं त्या अक्कांना न्हाऊ घालत राहिल्या, त्यांची वेणी घालत राहिल्या. अबोला मात्र सुटला नाही.

अक्का अंबाजोगाईला दवाखान्यात वारल्या. त्या दिवशी मी तिथं होतो. सकाळी त्यांनी चाचपडत सुभद्राबाईंचा हात धरला आणि मला मध्ये न घेता विचारलं, "जेवलीस का?" सुभद्राबाई हो म्हणाल्या. जेवल्या नव्हत्या.

दहाव्यानंतर येणारीजाणारी माणसं सांगून गेली, सुटलीस बाई. मीही तसलंच काही बोललो, आता जरा स्वतःकडे बघा म्हणून. त्या खाली बघत म्हणाल्या, "सर, मालक गेले तवा रडायला आमी दोघी होतो. आता मी एकलीच हाय."



जूनमध्ये माझी बदली गेवराईला झाली. सामान टेम्पोत चढवून निरोप घ्यायला गेलो, तर त्या ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "घाई नसंल तर बसा थोडं. बोलू नका, नुस्तं बसा." बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. दिवाळीच्या सुट्टीत नक्की येतो, असं सांगून मी निघालो.

दिवाळीत गेलोही. घराला कुलूप होतं. पोळ्याच्या आदल्या रात्री त्या झोपेतच गेल्या, असं शेजारणीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.