रंजनाआत्याची हायड्रोप्लेन

आत्याची बोट उलटली नसती, तर आमचे अण्णा तिच्याशी बोललेच नसते.

आज रंजनाआत्याला जाऊन वर्ष झालं.

तिचा तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. साडीवर जॅकेट, हातात रिमोट, समोर पाणी. खाली कमेंटमध्ये सगळे विचारत होते, हे काय चाललंय? तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिचं लग्न अण्णांनीच जमवलं होतं. नवरा मारायचा. एके दिवशी बॅग घेऊन परत आली आणि म्हणाली, "मी आता जायची नाय."

चार लोकांत शब्द दिला होता तो अण्णांनी. त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी बोलणं सोडलं.

तिनं खोपोलीत शिळफाट्याला खोली घेतली. एका कारखान्यात सर्किट बोर्डांच्या सोल्डरिंगला लागली.

भाऊबीजेला मात्र भिवपुरीजवळ आमच्या घरी यायची. अण्णा पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, ताटात ओवाळणी टाकायचे. तोंडातून शब्द नाही.

आम्हा भावंडांना वाटायचं, भाऊबीज अशीच असते.

रिटायर झाल्यावर आत्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. रिमोटवर पळणाऱ्या बोटींची रेस. तिनं तो मला इतक्यांदा दाखवला की मला पाठ झाला.

"ही बघ. पाण्याला टेकतच नाय गं."

तीच हायड्रोप्लेन. वेग आला की वर उचलली जाते. पुढचे दोन तरंगते पाय आणि मागचा पंखा, एवढंच पाण्याला शिवतं. बाकी सगळी हवेत.

आत्यानं ठरवलं, आपण बनवायची.

पातळ प्लायवुड कापलं, एपॉक्सीनं चिकटवलं. मोटर आणि बॅटरी ऑनलाइन मागवली. सोल्डरिंगला तर तिचा हात बसलेलाच. उलटली तरी बुडू नये म्हणून आत थर्माकोल भरला. रंग पिवळाधमक, लांबून दिसावा म्हणून.

खोपोलीकडे मोकळं, शांत पाणी मिळेना. मीच म्हटलं, आमच्या गावच्या तळ्यावर ये.

पौषातली थंडी होती. ती आली, बोट पाण्यात सोडली, रिमोटचा ट्रिगर दाबला.

बोट सुटली ती अशी, की काठावरची पोरं उठून उभी राहिली.

मग नाक वर उचललं. अजून वर. आणि बोट हवेतच मागं उलटी होऊन तळ्याच्या मधोमध पालथी पडली.

हसले सगळे. एक जण म्हणाला, "मावशी, नातवाला द्या ती."

आत्याला पोहता येत नव्हतं. मलाही नाही. आम्ही नुसत्या बघत उभ्या.

अण्णा शेतावरून येत होते. किती वेळ मागं उभे होते, मला माहीत नाही. त्यांनी चपला काढल्या, मोबाइल माझ्या हातात दिला आणि कपड्यांसकट पाण्यात उतरले.

बोट घेऊन आले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. ती आत्याच्या हातात दिली.

"पाणी शिरलंय आत. आधी पुसून घे."

आत्या म्हणाली, "पुसते."

एवढंच. पण मी मान फिरवली, कारण मला रडू आलं होतं.

त्या दिवशी आत्या आमच्याकडेच राहिली. स्वयंपाकघरात फरशीवर बोट मांडून दोघं बसले. अण्णांनी दोन्ही बाजूंनी हाताच्या एकेका बोटावर ती उचलून धरली. मागची बाजू खाली गेली.

"रंजे, ही उलाळ झालीय. बैलगाडीत मागं माल भरला की जू वर उठतं ना, तसं."

"माहीत हाय रं दादा. बॅटरी पुढं घ्यायला पायजे. पण लय पुढं घेतली की नाक पाण्यात घासतं, पळतच नाय."

"म्हणजे धुरजड."

"तेच."

बॅटरी वेल्क्रोवर बसवलेली होती. आत्यानं ती थोडी पुढं सरकवली. अण्णांनी उचलली. परत थोडी मागं. परत उचलली. मग डावी-उजवी बाजू. मग पुन्हा पहिल्यापासून.

आई दोनदा जेवायला वाढते म्हणाली. कुणी उठलं नाही.

त्यानंतर दर रविवारी दोघं तळ्यावर. बोट पुष्कळदा उलटली. अण्णा पुष्कळदा भिजले. मागच्या पंख्याचा कोन बदलला, बॅटरी अजून केसभर सरकवली, आणि एका सकाळी ती पिवळी बोट सपाट, पाण्याला जेमतेम शिवत, अख्ख्या तळ्याला फेरी मारून आली.

"जमलं," अण्णा म्हणाले.

 आत्यानं बोट परत एकदा फिरवली.

पुण्याकडच्या एका तलावावर रेस होती. तो फोटो तिथला. बाकीच्यांच्या बोटी महागड्या, तयार घेतलेल्या. फायनलला शेवटच्या वळणावर आत्या पाचवी होती, तेवढ्यात तिच्या पुढच्या दोन बोटी एकमेकींच्या लाटेवर उडून उलटल्या. आत्यानं तिथं ट्रिगर सैल सोडला, बोट सांभाळली, वळण काढलं आणि तिसरी आली.

घरी येताना चौक गावाजवळ धाब्यावर जेवलो. अण्णा धाबेवाल्याला सांगत होते, "ही माझी बहीण."

जेमतेम दीड वर्ष मिळालं त्यांना.

मग आत्याचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये अण्णा रोज जायचे. खुर्ची ओढून बसायचे आणि सुरू व्हायचे. भात कसा आलाय, कुणाची सून बाळंत झाली, आईचे गुडघे, गावातला नवा रस्ता. न थांबता.

एकदा सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, पेशंटला आराम करू द्या."

आत्यानं डोळे न उघडता हात वर केला.

"बोलू द्या त्याला, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अण्णा तेव्हाही शेजारी बसून तिला काहीतरी सांगत होते.

आत्या, आम्हा सगळ्यांचा तुला नमस्कार. सुखात राहा, जिथं असशील तिथं.