कवडूने दाबलेली दोरी

मासे धरणाऱ्या कवडू ढिवराला पाण्याची नस कळते असं सगळे म्हणत, आणि ते ऐकायला त्यालाही फार आवडे. सालेकस्याकडच्या रानातला तो तलाव म्हणजे त्याचं अंगणच. अल्याड शिवलाल मालगुजाराचं गाव, पल्याड राजाचं संस्थान. मध्ये कुंपण नाही, चौकी नाही, नुसतं पाणी. तरी पल्याड जाताना लोक ‘परमुलखात चाललो’ म्हणत. कवडूची धाकटी बहीण धुरपता त्या परमुलखात सुखरामला दिलेली होती.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर शिवलालने मोटरबोट आणली. लढाई संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावात घेतलेली. तिचा आवाज ऐकून पाणकोंबड्या आठ दिवस फिरकल्या नाहीत. नागपूरचे पाहुणे आले, तेव्हा मालकाच्या मनात आलं की त्यांना राजाच्या मुलखात चहा पाजून आणावं. चाक त्याने स्वतः धरलं आणि कवडूला बांबू देऊन पुढे बसवलं. "तू रस्ता दिखा," म्हणाला. कवडूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पल्याड लोक जमतील, धुरपता बघेल, एवढंच त्याच्या डोक्यात.

पल्याडचा काठ जवळ आला, तशी समोर वाळक्या भोपळ्यांची ओळ तरंगताना दिसली. सुखरामचं जाळं. कोरलेल्या लाकडी डोंग्यातून जाताना ढिवर बांबूने जाळ्याची दोरी खाली दाबतो आणि वरून अलगद सरकतो. डोंग्याच्या पोटाखाली अडकण्यासारखं काही नसतंच. कवडूने जन्मभर केलं तेच केलं. दोरी दाबली आणि हात हलवून "चला मालक" म्हणाला. या बोटीच्या पोटाखाली लोखंडी पातं फिरतंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बोटीला हिसका बसला, ती गुरगुरली आणि पुढे गेली.

"क्या था रे?"

"शेवाळ, मालक."

पहिली चूक हाताने सवयीने केली होती. ही त्याने जाणूनबुजून केली. काठावर धुरपता बायांना सांगत होती, "पाहा, समोर बसून आहे तो माया भाऊ." कवडू पाठ फिरवून बोट बांधू लागला. ते जाळं धुरपताने अख्खा पावसाळा सणाचं सूत कातून विणलं होतं.

चार दिवसांनी पल्याडच्या ढिवरांची पंचाईत बसली. जाळ्याच्या जागेवरून सुखरामचं त्याच आळीतल्या बकाराम ढिवराशी आधीच वाजलेलं, म्हणून संशय बकारामवर. कवडू पुढे बसला असताना बोट जाळ्यावरून जाईल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. पाणमांजराने फाडलं असेल, असंही कोणी म्हणालं. तेव्हा पंचांनी जाणता माणूस म्हणून कवडूपुढे जाळं टाकलं. "हा काप कायचा होय?"

कवडूने धागे बोटांत धरले. त्यांना काळं तेल लागलेलं होतं. आता बोलावं, असं त्याला वाटलं. पण सगळे त्याच्या तोंडाकडे आदराने बघत होते, आणि तो आदर सोडवेना.

"दाताचा नाही होय. लोखंडाचा होय."

आपण खोटं बोललो नाही, असं तो घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होता. लोखंड म्हणजे बकारामची सुरी, असं पंचांनी धरलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला बकाराम काही तयार झाला नाही. पंचांनी त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याच्या घरी सोयरीक करायची नाही.

त्या हिवाळ्यात कवडूने नवं जाळं विणून सुखरामला दिलं. सुखरामचं नुकसान भरलं, बकारामचं कुठे भरलं? पुढे राजाचं राज्य गेलं, परमुलूख आपलाच झाला. मोटरबोटीचं इंजिन बिघडलं आणि तिच्यात मालकाच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. कवडू मात्र पल्याड जायचं म्हटलं की काहीबाही कारण काढून बहिणीकडे जाणं टाळी.

चोपन्न साली बकारामची बायको वारली. जातीतलं कोणी खांदा द्यायला गेलं नाही. बाप-लेकाने तिला बैलगाडीतून मसणात नेलं. हे ऐकलं आणि कवडूच्या पुढ्यातली भाकर तशीच राहिली. पहाटे डोंगा काढून तो धुरपताच्या दारी गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून मोकळा झाला.

धुरपता झाडता झाडता थांबली. "मले मालूम होता, दादा. जाळ्याले तेलाचा वास येऊन राहिला होता."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू काऊन नाही बोलला? तू माया भाऊ होस. बकाराम माया कोन लागते?" असं म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडू लागली.

दोघं बकारामच्या अंगणात गेली. कवडूने मान खाली घालून सांगितलं. बकाराम ऐकत राहिला, मग उठून आत गेला. कुऱ्हाड घेऊन येईल, आणि आला तर ते बरोबरच, असं कवडूला वाटलं. तो पाण्याने भरलेला लोटा घेऊन आला.

"सात सालं जातीतल्या कोनं या लोट्याले तोंड नाही लावला," तो म्हणाला. "त्याइले मालूम नव्हता. तुले तं मालूम होता. मंग तू एक दिवस पानी प्याले काऊन नाही आला?"

आळीतली माणसं दारादारांत येऊन बघत होती. कवडूने दोन्ही हातांनी लोटा घेतला, आणि अर्धं पाणी पिऊन उरलेलं धुरपताच्या हातात दिलं.